एककिक

तिसरा स्क्रू काही केल्या हलेना. थोरलीने स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट रोवला, मुठीवर हातोडीचा एक हलका ठोका दिला आणि मनगट न वापरता सगळा खांदा लावला. कट् असा आवाज झाला आणि स्क्रू फिरला. इंजिनाच्या बाजूचं गोल झाकण तिच्या हातात आलं. आत पॉइंट होते, भेटत आणि सुटत राहून इतकी वर्षं या मोटारसायकलला ठिणगी देणारे दोन बारीक ठिपके. आता ते काजळीने काळेठिक्कर पडले होते.

आतल्या खोलीत रेडिओ चालू होता आणि रेडिओसमोर बाबा बसले होते. त्यांचं रेडिओकडे लक्ष नव्हतं, हे तिला पाठमोरी बसूनही कळत होतं. कट् झालं त्याच क्षणी रेडिओचा आवाज बारीक झाला होता.

"खाच बिघडवलीस ना?" आतून विचारणा झाली.

"नाही."

रेडिओ पुन्हा मोठा झाला.

घराला लागून असलेली ही मागची खोली म्हणजे बाबांचं राज्य. भिंतीवरच्या फळीला हत्यारं टांगलेली आणि प्रत्येक हत्याराभोवती त्याच्याच आकाराची पांढरी रेघ रंगवलेली. पाना जागेवर नसला की तिथे पान्याची रिकामी सावली दिसायची आणि घरातल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं जायचं. मधोमध मोटारसायकल उभी. काळी, एका सिलिंडरची, थोरलीपेक्षाही वयाने मोठी. थोरलीच आता पन्नाशीला टेकली होती, तेव्हा गाडीच्या वयाचा विषय न काढलेला बरा.

या गाडीमुळे बाबांना अख्खी गल्ली एककिक म्हणायची. खरं नाव पोस्टमनलाही आठवायला वेळ लागायचा. नाव पडायला कारणही तसंच होतं. ही गाडी दुसऱ्या कुणाच्या लाथेला कधी दाद द्यायची नाही. मामांनी प्रयत्न केला, शेजारच्या गिरणीवाल्याने केला, बाबांच्या कारखान्यातल्या दांडग्या फोरमनने कपाळावरची शीर फुगेपर्यंत केला. गाडी ढिम्म. मग बाबा सावकाश यायचे, डाव्या हाताने टाकीवर थोपटायचे, जनावराला चुचकारावं तसं, आणि एक किक मारायचे. एकच. गाडी गुरगुरायला लागायची. बघणाऱ्यांची तोंडं उघडी राहायची. आई मात्र दारातून म्हणायची, गाडीला एवढं थोपटतात, मला कधी थोपटलं नाही.

आई गेली आणि नंतर बाबांचे हात कापायला लागले. आधी चहाच्या कपात, मग सहीत. शेवटी पॉइंटमध्ये. त्या दोन ठिपक्यांमधली फट नखाच्या जाडीइतकीच लागते आणि ती सतत जुळवावी लागते. कापऱ्या हाताला ते जमेना. शेवटच्या खेपेला त्यांच्या बोटांतून बारीक स्क्रू निसटला आणि फरशीवर कुठेतरी गेला. दुपारभर ते गुडघ्यांवर बसून शोधत होते आणि मदतीला आलेल्या थोरलीला त्यांनी हाताने लांब राहायला सांगितलं. स्क्रू सापडला. त्यांनी तो जागेवर ठेवला, हात धुतले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, गाडी थकलीय. कोण थकलंय हे थोरलीला दिसत होतं. त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेव्हापासून बाबा या खोलीत पाऊल टाकत नव्हते.

आणि आता तिच्या भावाने, धाकट्याने, गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं.

धाकटा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगायला हवं. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, रविवारी फोन करायचा, बाबांच्या औषधांची आठवण द्यायचा. त्याच्या ओळखीचा एक हॉटेलवाला दारातल्या काचेआड ठेवायला जुनी मोटारसायकल शोधत होता. पडून गंजण्यापेक्षा चार लोक बघतील तरी, असं धाकट्याचं म्हणणं. ते चुकीचंही नव्हतं. फक्त जाताजाता त्याने सांगितलं की हॉटेलवाला इंजिनातलं सगळं तेल काढून टाकणार आहे, म्हणजे फरशीवर डाग नको. थोरलीने बाबांकडे पाहिलं तर ते म्हणाले, घेऊन जाऊ दे. इतक्या पटकन म्हणाले की जणू कुणी मत बदलायच्या आत त्यांना ते उरकायचं होतं.

तेव्हा थोरलीने अट घातली. रविवारी टेम्पो येईल तेव्हा गाडी सुरू झाली, तर ती कुठेही जाणार नाही. धाकटा फोनवर हसला होता. खुद्द एककिकनी हात टेकले, तिथे तू काय करणार ताई, म्हणाला. पण अट त्याने मान्य केली.

थोरलीचं काम लिफ्ट दुरुस्त करण्याचं. दिवसभर उंच इमारतींच्या गच्चीवरच्या खोल्यांत नाहीतर लिफ्टच्या खड्ड्यात. तिथे एक गोष्ट तिच्या हाडीमासी मुरली होती. लिफ्ट रुसत नाही, तिला कुणाचा राग येत नाही, तिला कुणाची नजर लागत नाही. ती चालत नाही तेव्हा कुठेतरी एक संपर्क तुटलेला असतो आणि तो सापडेपर्यंत जागचं उठायचं नसतं. तिने शुक्रवारची सुट्टी टाकली, साबणाच्या डबीएवढा एक काळा डबा मागवला आणि कामाला बसली.

डब्याचा प्रकार सोपा होता. पॉइंट काढून टाकायचे, त्या जागी एक गोल पट्टी, फिरणाऱ्या दांड्यावर एक लहानसं चुंबक, आणि सीटखाली तो डबा. ठिणगी कधी द्यायची ते डबा ठरवणार. त्यात काही घासत नाही, झिजत नाही, नखाएवढी फट दर आठवड्याला जुळवत बसावी लागत नाही. कापऱ्या हातांना करण्यासारखं त्यात काही उरत नाही. म्हणून तर तिने तो आणला होता.

बाबांना डबा पहिल्या नजरेतच नावडला. हातात घेऊन त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही.

"काही हलत नाही यात."

"हलायला नकोच आहे, बाबा."

"मग जिवंत आहे की मेलाय, कळणार कसं?" त्यांनी तो खाली ठेवला. मग मनातली गोष्ट बाहेर आली. "हा लावलास तर गाडी कोणीही सुरू करेल."

"तेच तर हवंय."

यावर ते उठून रेडिओपाशी गेले, ते अजून तिथेच होते.

शनिवारी सकाळी थोरली टायमिंग, म्हणजे ठिणगीची नेमकी वेळ, लावायला बसली. त्यासाठी प्लगच्या भोकातून आत काहीतरी घालून पिस्टन किती वर आलाय ते पाहावं लागतं. ती पेन्सिल शोधायला लागली तसा रेडिओच्या मागून आवाज आला.

"आईची विणायची सुई. डावीकडचा खण. तिला खूण केलेली आहे."

सुई होती आणि तिच्यावर कानशीने घासलेली एक बारीक रेघही होती. आईला आपली सुई कुठे गेली याचा शोध शेवटपर्यंत लागला नव्हता. थोरलीने सुई आत सोडली, मागचं चाक हाताने तसूतसूने फिरवलं, रेघ काठाला आली तसं थांबवलं. मग गोल पट्टी तिच्या खुणेवर आणून स्क्रू आवळला. आतून रेडिओ बंद झाल्याचं तिच्या ध्यानात आलं.

"किल्लीपासून डब्याकडे वीज कुठल्या वायरीने नेतेयस?" बाबांनी विचारलं. ते दाराच्या चौकटीपर्यंत आले होते. आत नाही, चौकटीपर्यंत.

"जुन्याच. किल्लीपासून कॉइलकडे येत होती ती. चांगली जाड आहे."

"नवीन टाक."

"कशाला? असलं तांबं आता मिळत नाही."

"नवीन टाक म्हटलं ना. सीटच्या बाजूने ने. टाकी काढत बसू नकोस." एवढं बोलून ते वळले आणि पुढच्या खोलीत निघून गेले.

थोरली मुलखाची हट्टी. चांगल्या वायरीला केवळ जुनी म्हणून कापणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. शिवाय बाबांचं हे असं कारण न देता फर्मावणं तिने लहानपणापासून ऐकलेलं होतं आणि लहानपणापासूनच त्याच्या उलट वागण्याची तिला सवय होती. तिने जुनीच वायर डब्याला जोडली.

दुपारपर्यंत सगळं बसलं. तिने प्लग काढून इंजिनावर आडवा ठेवला, खोलीचं दार लोटून अंधार केला, किल्ली फिरवली आणि हाताने किक दाबली. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडायला हवी होती. उडाली नाही. तिने पुन्हा दाबली. पुन्हा नाही. तिने जोड तपासले, पट्टी तपासली, चुंबक उलटं तर बसलं नाही ना पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं आणि ठिणगीचा पत्ता नव्हता. क्षणभर तिलाही वाटून गेलं की या गाडीला खरंच माणूस कळतो. मग स्वतःचीच लाज वाटून तिने वीज तपासायचा टेस्टलॅम्प बाहेर काढला.

किल्लीपाशी दिवा लागला. डब्यापाशी लागला नाही.

म्हणजे वीज निघत होती आणि पोचत नव्हती. हे तिचं रोजचं काम. मधली वायर कुठेतरी तुटलेली असणार. तिने वायर बोटांत धरली आणि मागोवा घेत निघाली. किल्लीपासून कॉइल जेमतेम हातभर अंतरावर, पण ही वायर सरळ जात नव्हती. ती वर चढून टाकीखाली शिरत होती आणि तशीच परत खाली येत होती. जवळचा रस्ता सोडून असा वळसा वायर उगाच घेत नाही. थोरलीने पेट्रोलची नळी काढली, दोन बोल्ट सोडवले, टाकी उचलली आणि जुन्या चादरीवर ठेवली.

टाकीखालच्या सांगाड्यावर धुळीचा आणि तेलाचा बोटभर थर होता. डाव्या अंगाला, टाकीची कड जिथे येते तिथे, पत्र्याच्या एका तुकड्यावर लहानसं पितळी बटण बसवलेलं होतं, जुन्या टेबललॅम्पला असायचं तसलं. वायरीचं एक टोक त्याच्यात जात होतं, दुसरं त्याच्यातून निघत होतं. सगळीकडे काळा थर, पण बटणाचं टोक बोटाने घासून घासून लखलखीत झालेलं.

तिने ते दाबलं. खट्. टेस्टलॅम्प डब्याला लावला. दिवा लागला.

मग थोरलीने एक विचित्र गोष्ट केली. टाकी तिथे नव्हती, तरी जिथे असायला हवी तिथे तिने हवेत डावा तळहात ठेवला आणि थोपटलं. दोनदा. दुसऱ्या थापेला बोटं आपोआप कडेखाली वळली आणि मधलं बोट नेमकं बटणावर आलं.

तिला हसू फुटलं. असं फुटलं की तोंडावर फडकं धरावं लागलं. मामा, गिरणीवाला, तो फोरमन, आणि त्यांच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवणारी ती स्वतः. सगळ्यांना या माणसाने तीस-पस्तीस वर्षं एका टेबललॅम्पच्या बटणावर खेळवलं होतं.

आणि मग तिला धाकटा आठवला आणि हसू जागच्या जागी थांबलं.

धाकटा तेव्हा नुकताच कॉलेजात जायला लागला होता. मित्रांबरोबर बाहेरगावी जायचं ठरलं होतं आणि गाडी घेऊन येतो असं तो सगळ्यांना छाती फुगवून सांगून आला होता. बाबा नाही म्हणाले नव्हते. किल्ली काढून त्याच्या हातात दिली होती आणि म्हणाले होते, सुरू झाली तर ने. मित्र फाटकाशी उभे होते. धाकटा किक मारत राहिला. घामाने शर्ट पाठीला चिकटला, घोटा सुजला, तरी थांबेना. मित्र आधी हसत होते, मग हसायचे थांबले आणि नजर चुकवायला लागले, ते जास्त वाईट होतं. शेवटी बाबा टॉवेलला हात पुसत बाहेर आले. टाकीवर थोपटलं. एक किक. आणि चारचौघांत म्हणाले, तुझ्या पायात ते नाही रे.

धाकट्याने त्यानंतर त्या गाडीला कधी हात लावला नाही. पुढे त्याचा त्याने विनोद करून टाकला. लग्नात, बारशात, कुठेही गाडीचा विषय निघाला की स्वतःच सांगायचा, आपल्या पायात ते नाही. लोक हसायचे. थोरलीही हसायची.

ती उपड्या खोक्यावर बसून राहिली. वायर कापून सरळ जोडली की काम पाच मिनिटांचं होतं. बटण कचऱ्यात, गाडी सुरू, आणि ही गोष्ट कुणाला कळायचं कारण नाही. नवीन टाक, टाकी काढत बसू नकोस. आता तिला त्या फर्मानाचा अर्थ लागला आणि तिचं डोकं तापलं.

दारात पावलं वाजली. बाबा आले होते. त्यांना चादरीवर टाकी दिसली, उघडा सांगाडा दिसला, त्याच्यावर ते बटण दिसलं. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरला.

"चोरांसाठी लावलं होतं," ते म्हणाले. "त्या वर्षी गल्लीतून दोन गाड्या गेल्या होत्या."

थोरलीने वायरीचे जुने, ठिसूळ झालेले जोड कापले, नवे टाके घातले, बटण फडक्याने पुसून पुन्हा त्याच्या पत्र्यावर घट्ट बसवलं. बाबा बघत उभे होते. तिला वाटलं ते थांब म्हणतील. ते म्हणाले नाहीत.

"उद्या धाकटा येतोय," ती उठत म्हणाली. "हे मी होतं तिथेच ठेवलंय. बंद करून. मी त्याला काही सांगणार नाही आणि तुमच्या वतीने थोपटणारही नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी मान हलवली की नुसती ती हलली, हे तिला कळलं नाही.

रविवारी सकाळी टेम्पो फाटकाशी येऊन थांबला. धाकटा ड्रायव्हरच्या शेजारून उतरला, पोट थोडं सुटलेलं, हातात बाबांसाठी फळांची पिशवी. गाडी बाहेर अंगणात काढून ठेवलेली होती, पुसूनबिसून. बाबा भिंतीशी खुर्ची टाकून बसले होते. धाकट्याने सीटखाली वाकून काळा डबा पाहिला आणि भुवया उंचावल्या.

"अरे वा. ताई, खरंच लावलंस की."

"अट लक्षात आहे ना?"

"आहे ना. मार किक."

"तू मार," थोरली म्हणाली.

तो हसला. ते त्याचं ठरलेलं हसू होतं. "मी? माझ्या पायात ते नाही, तुला माहितीये."

"मार."

तिच्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्याने पिशवी खाली ठेवली. किल्ली फिरवली. किक मारली. इंजिनाने नुसता उसासा टाकला. त्याने दुसरी मारली, तिसरी मारली. टेम्पोचा ड्रायव्हर पुढे येऊन बघायला लागला आणि सल्ला द्यायला लागला, चोक ओढा, चोक ढकला. धाकट्याने आणखी एक मारली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या. चाळिशी उलटलेल्या, टक्कल पडायला लागलेल्या त्या माणसाच्या जागी थोरलीला क्षणभर घामेजलेल्या शर्टातला पोरगा दिसला आणि तिने हातातलं फडकं पिळून धरलं. एक शब्द बोलला की हे थांबणार होतं. ती बाबांकडे बघत राहिली.

बाबा अंगणातल्या फरशीकडे बघत होते. त्यांनी काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. टेम्पोत गाडी चढली असती, काचेआड गेली असती, बटण टाकीखाली तसंच राहिलं असतं आणि एककिक शेवटपर्यंत एककिक राहिले असते.

"झालं ना?" धाकटा धापा टाकत म्हणाला. "चला, फळी लावा. चढवू या."

"थांब, बाळ्या."

बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. गाडीपाशी आले. सवयीने त्यांचा डावा हात टाकीवर गेला आणि तिथेच थांबला. ड्रायव्हरनेही एककिकची ख्याती ऐकली असावी, तो सावरून उभा राहिला. पण बाबांनी थोपटलं नाही. त्यांनी धाकट्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात टाकीच्या कडेवर आणून ठेवला.

"वर नाही. बोटं खाली वळव. आत घाल. लागलं?"

"काय आहे हे?"

"दाब."

खट् झालं. आवाज बारीकसाच होता, पण अंगणात सगळ्यांना ऐकू आला. धाकट्याने बोट तसंच ठेवलं. मग पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. बंद, चालू. त्याने मान वर करून बाबांकडे पाहिलं.

"किती वर्षं आहे हे इथे?"

"तू कॉलेजात गेलास त्याच्या आधीपासून. चोरांसाठी लावलं होतं."

"मी चोर होतो का?"

थोरलीला पुढे होऊन बाबांना धरावंसं वाटलं, पण ती जागची हलली नाही.

"नाही," बाबा म्हणाले. "पण तोवर सगळे मला एककिक म्हणायला लागले होते."

ड्रायव्हरला अचानक टेम्पोच्या चाकातली हवा तपासायची आठवण झाली. धाकट्याने स्टँड काढला, गाडीवर बसला, उभा राहिला आणि सगळ्या अंगाचा भार टाकून एक किक मारली. इतक्या जोरात की थोरलीला किकचा दांडा तुटेल असं वाटलं.

गाडी सुरू झाली. पहिल्यांदा खोकली, मग धुराचा एक भपकारा सोडला आणि एका लयीत चालायला लागली, पूर्वी कधी चालली नव्हती इतकी सारखी. खिडकीची काच थरथरली. धाकट्याने हँडल वळवलं, टेम्पोच्या कडेने गाडी फाटकाबाहेर काढली आणि मागे न बघता निघून गेला.

अंगणात धूर राहिला आणि फळांची पिशवी. ड्रायव्हरने विचारलं, थांबू का. बाबांनी त्याला जायला सांगितलं, उगाच खोळंबा झाला म्हणून दिलगिरीही व्यक्त केली. टेम्पो गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाकडे बारीक होत चालला होता.

"येईल ना परत?" बाबांनी विचारलं.

"टाकीत फारसं पेट्रोल नाही," थोरली म्हणाली. "लांब कुठे जाणार?"

बाबा खुर्चीत बसले. हात मांडीवर ठेवून, मान आवाजाच्या दिशेने वळवून. आवाज वळणापलीकडे गेला आणि एकदम बंद झाला. बाबा ताठ झाले.

"बंद पडली."

"पडणार नाही. टायमिंग मी लावलंय."

"मग?"

"बंद केली असेल त्याने."

दोघंही ऐकत राहिली. समोरच्या घरात कुणीतरी नळ सोडला, तेवढाच आवाज. थोरलीच्या मनात आलं की तो तिथेच गाडी भिंतीला लावून बस पकडून घरी जाईल, आणि तसं केलं तर त्याला नाव ठेवता येणार नाही. डब्याने गाडी सुरू होते, एवढीच खात्री तिला देता येत होती. बाकी तिच्या हातात काही नव्हतं.

वळणापलीकडून गाडीचा आवाज परत आला. आधी एकही फुकट उसासा नाही. सरळ सुरू.

"एकाच किकमध्ये," बाबा म्हणाले.

मग धाकट्याचं मनगट धरलं होतं तो हात त्यांनी दुसऱ्या हाताने चोळला.

"ते बटण कडक झालंय फार. तेलाचा थेंब सोड त्याच्यात, तो आला की."

थोरली तेलाचा डबा आणायला मागच्या खोलीत गेली.